दुसरा उतारा

बसचं पुढचं दार फुस्स करून उघडलं, तिने पास दाखवायला हात वर केला, आणि बघते तर काय, चालकाच्या खुर्चीत ताई!

झालं म्हणाल तर एवढंच. आकाशबिकाश काही कोसळलं नाही. पायरीला झिजलेल्या रबराचा वास होता, मागच्या बाईंच्या पिशवीचं टोक तिच्या पाठीत रुतत होतं, आणि रविवारची दुपार आपली नेहमीसारखी आळसावून रस्त्यावर पसरलेली होती. सात महिने तिने ताईला पाहिलं नव्हतं. सात महिन्यांत ताईने केस मानेपर्यंत कापले होते, करड्या गणवेशाच्या बाह्या दोन घड्या वर सारल्या होत्या, आणि त्या अवाढव्य चाकावर तिचे हात असे काही ठेवलेले होते की जणू जन्मल्यापासून ते तिथेच होते. चष्मा मात्र तोच. डाव्या काचेच्या कोपऱ्यात ओरखडा असलेला. "पास दिसला, आत सरका," ताई सगळ्यांना म्हणते त्याच आवाजात म्हणाली, आणि मग आरशात बघत हळूच, "तुला काय वेगळं आमंत्रण पाठवू, गोगलगाय? सरक की!" ती सरकली. सरकली म्हणजे काय, चालकाच्या पाठीमागच्या पहिल्याच बाकावर धपकन बसली. समोर पाटी होती: चालकाशी बोलू नये. एवढी सोयीची पाटी तिने आयुष्यात पाहिली नव्हती. कारण बोलायचं म्हटलं तर काय बोलणार होती ती? मांडीवरच्या दप्तरात वही होती, वहीच्या सातव्या पानावर पट्टीने आखलेली सरळ रेघ होती, आणि रेघेच्या डाव्या बाजूला, सुवाच्य अक्षरात, ताई होती.

ही रेघ भूमितीबाईंची. भूमितीबाई म्हणजे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी बायबलचा अभ्यास घेणाऱ्या बाई; छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्या, पण भूमिती काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "पुस्तकात दोन माणसं शेजारी शेजारी उभी दिसली, की समजा, ती उगीच उभी केलेली नाहीत," त्या म्हणायच्या. "दोन घरं, एक खडकावर, एक वाळूवर. दोन मुलगे, एक घर सोडून गेलेला, एक घरातच राहून रुसलेला. फरक बघा! फरक दिसला की अर्थ दिसतो. काढा पट्ट्या." मग पंचवीस जणं, त्यात टक्कल पडलेले काकासुद्धा, जीभ दातांत धरून पानाच्या मधोमध रेघ मारायची. तिला हे इतकं आवडलं होतं की विचारू नका! सोळा वर्षं जी मुलगी वर्गात हजेरीला "हजर" सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची, तिला चार रविवारांपूर्वी बाईंनी उभं केलं, आणि तिने अंधार आणि उजेड यांवर अशी काही टिपणं वाचून दाखवली की मागच्या रांगेतले काका चक्क जागे झाले. आपल्याला आवाज आहे! हे कुणी आधी सांगितलं का नव्हतं? त्या दिवसापासून ती घरात मोठ्याने वाचायची, जिन्यात मोठ्याने बोलायची, आरशासमोर हातवारे करायची. आई म्हणायची, "देवा, हिला बोलतं कर म्हणून मी प्रार्थना केली होती खरी, पण थोडं बेतानं द्यायचंस." आणि जग कसं सोपं झालं होतं. रेघ मारायची, चुकलेलं डावीकडे, चांगलं ते उजवीकडे टाकायचं. शेजारचे आजोबा डावे, शेजारची आजी उजवी. गणिताचे सर डावे. तसं पाहिलं तर ती स्वतः, अलीकडे, बरीचशी उजवीच.

या वेळचा उतारा होता दोन बहिणींचा. पाहुणा घरी येतो. एक बहीण कामात बुडालेली, हे उचल, ते ठेव, घामाघूम. दुसरी त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे. कामात बुडालेली कुरकुरते, हिला सांगा ना मला हात लावायला. आणि पाहुणा म्हणतो की बसलेलीनेच चांगलं ते निवडलंय. बाईंनी सांगितलं होतं, फरक लिहा, आणि खाली आपल्या घरातलं एक उदाहरण. घरातलं उदाहरण! तिला शोधावं लागलंच नाही. डावीकडे: 'माझी मोठी बहीण. एका जागी कधी बसली नाही. बाबा आजारी असताना सतत बाहेर. बाबा गेले तेव्हाही ती घरात नव्हती. आता कॉलेज सोडून गेली.' उजवीकडे: 'मी. बाबांच्या पायाशी बसायचे. शेवटपर्यंत बसले होते.' लिहून झाल्यावर तिने पान लांब धरून बघितलं होतं. किती नीटनेटकं! आज ते वाचायचं होतं, आणि तिसऱ्या रांगेत आई बसणार होती. ताईचं नाव घरात निघत नसे, ते आता निघणार होतं, आणि निघाल्या निघाल्या कायमचं डाव्या बाजूला चिकटणार होतं.

सिग्नलला बस थांबली. ताईचे डोळे आरशात आले. "काय, अभ्यासाला का?" "हं." "आवाज ऐकलाय म्हणे तुझा सगळ्यांनी. टकल्या काका भेटले होते बसमध्ये, सांगत होते. म्हटलं, आमची गोगलगाय? तुम्हाला दुसरी कुणी दिसली असेल." तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. "आज काय आहे?" ताईने विचारलं. "दोन बहिणी." "अरे वा! मग मी कपबशा विसळणारी ना?" ताई गिअरवर बोटं वाजवत म्हणाली. "कुठल्या बाजूला टाकलंस मला?" तिने पाटीकडे बोट दाखवलं. ताई मोठ्याने हसली. "गोगलगाय अन् पोटात पाय," ती म्हणाली, सिग्नल हिरवा झाला आणि बस निघाली.

पोटात पाय! ही म्हण ताईने तिला लहानपणीच बहाल केली होती, चष्म्याच्या घरातली गोगलगाय म्हणून. घरातल्या चौघांनाही चष्मे, आणि आई तर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायलाच. गंमत म्हणूनच म्हणायची ताई. पण आज ती म्हण पाठीच्या कण्यातून सरसर खाली गेली. कारण पोटातले पाय ताईला माहीत होते. जगात फक्त ताईलाच माहीत होते. आरशात बघायला नको म्हणून तिने दप्तर उघडलं, बायबल काढलं, आणि खुणेची दोरी होती तिथे उघडलं. फळ्यावर बाईंनी दोन उतारे लिहिले होते. पहिला तिने केला होता. दुसरा, आता खरं सांगायचं तर, तिने बघितलाच नव्हता. परीक्षेत पहिलाच प्रश्न येतो आहे म्हटल्यावर खुशीत तोच पानभर लिहीत बसावं आणि मागच्या पानावर दुसरा प्रश्न आहे हे घंटा झाल्यावर कळावं, तशातली गत. तिने पानं उलटली. बस हलत होती, अक्षरं हलत होती. त्याच दोघी बहिणी. त्यांचा भाऊ वारलाय. पाहुणा येतो आहे अशी बातमी लागते, आणि एक उठून रस्त्यावर त्याला सामोरी जाते. दुसरी घरातच बसून राहते.

तिने पुन्हा वाचलं. कोण गेली सामोरी? कामात बुडालेली! ती धावणारी, कुरकुरणारी, घामाघूम. आणि बसून कोण राहिली? बसलेलीच. तीच बसण्याची सवय, तीच ती, पण हे काय, पानाची रेघ कुणी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखी! एका दिवशी बसणं चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच घरात ते नुसतं बसणं होतं. तिला खोली आठवली. आठवली कसली, ती त्या बाकावरून उठून सरळ त्या खोलीतच गेली: दोन वर्षांपूर्वीची दुपार, पडद्यातून येणारा पिवळट उजेड, औषधाच्या बाटल्यांचा गोड वास, आणि चार महिने अंथरुणाला खिळलेले बाबा मासिकातलं शब्दकोडं सोडवत होते. ती पायाशी बसलेली. सगळे म्हणायचे, किती गुणी गं, हलत नाही बापापासून. बाबा म्हणाले, "चष्मा कुठं गेला बघ गं." तिने उशीखाली पाहिलं, टेबलावर पाहिलं. मग तिला जाणवलं की आपण कशावर तरी बसलोय. एक काडी निखळून लोंबत होती, स्क्रू बेपत्ता. बाबा हसले. "चष्म्यावरच बसली होतीस होय! असू दे. तूच वाचून दाखव. आडवा शब्द, सातवा." तिने वाचलं. "मोठ्याने वाच ना बाळा, ऐकू येत नाही." तिने पुन्हा वाचलं, तेवढ्याच आवाजात. तिच्याकडे तेवढाच आवाज होता. दारात ताई आली, एका नजरेत सगळं बघितलं, चष्मा उचलला. "आलेच दुकानातून नीट करून," ती म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. वीस मिनिटं जायला, वीस यायला, शिवाय दुरुस्तीचा वेळ. बाबा तेवढ्याच वेळात गेले. ती पायाशी बसलेली होती. तिला वाटलं, झोपले.

आणि ताईने दुकानात आईला सांगितलं होतं, "माझ्याच खाली आला." का सांगितलं, कुणास ठाऊक. त्या क्षणी ती किरकोळ गोष्ट होती. कोण एखादा चष्मा मोडल्याची शपथ घेऊन चौकशी करतं? आई हसलीसुद्धा होती म्हणे, हिला एका जागी बसवतच नाही म्हणून. पण घरी आल्यावर ती किरकोळ गोष्ट एवढी मोठी झाली की खोलीत मावेना. "तुझ्या भरवशावर मी कामावर गेले होते," आई म्हणाली होती. "तू इथं असायला हवी होतीस." ताईने चष्म्याचं खरं सांगितलं नाही. दीड वर्ष सांगितलं नाही. मग एक दिवस कॉलेज सोडून बस चालवायचं प्रशिक्षण घेतेय असं जाहीर केलं, तेव्हा आईच्या तोंडून पुन्हा तेच निघालं: "त्या दिवशी जरा धड बसली असतीस, तर चष्मा मोडला नसता, आणि तू घरात असतीस." ताईने पिशवी भरली. दाराशी ती थांबली, आणि तिने गोगलगायीकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, कुणी एक पाऊल पुढे सरकेल म्हणून वाट बघतात तसं. गोगलगाय वहीत बघत होती. आत्ता, बाकावर बसून, तिला ती वहीसुद्धा आठवली, रसायनशास्त्राची, पान कोरं होतं.

बस वळली. मांडीवरचा उतारा अजून संपला नव्हता. सामोरी गेलेली बहीण रस्त्यात पाहुण्याला म्हणते की तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता. मग ती घरी येते, बसलेलीला बोलावते. ती उठते, धावते, पायांवर पडते, आणि काय म्हणते? तेच! शब्दाला शब्द तेच. दोघींनी ठरवून पाठ केल्यासारखं. तिने बोट ठेवून दोन्ही ओळी ताडून बघितल्या. फरक शोधायला बसलेली ती, आणि फरक नव्हता. तेव्हा तिला, कुठून कोण जाणे, दुकानातली काळोखी तपासणीची खोली आठवली. शाळा सुटल्यावर ती तिथे स्टुलावर बसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम, आई काचा बदलतेय, "हे बरं, की हे? आधीचं, की आताचं?" माणसं घाबरून उत्तरं द्यायची, जणू नापास होतील. शेवटी लाल आणि हिरव्या चौकटींतली अक्षरं. लाल ठळक म्हणालात तर काच बदल, हिरवी ठळक म्हणालात तर पुन्हा बदल. आणि मग एखादे गृहस्थ ओशाळून म्हणायचे, "बाई, माफ करा हं, आता मला दोन्ही सारखीच दिसतायत." की आईचा चेहरा असा खुलायचा! "झालं तर मग!" ती म्हणायची. त्यांना वाटायचं आपलं चुकलं. पण दोन्ही सारखं दिसणं हीच तर खूण, की काच बरोबर लागली.

तिचा थांबा आला. ती उठली तेव्हा पायांत मुंग्या आल्या होत्या. दाराशी ताई आरशात न बघता सरळ तिच्याकडे बघत म्हणाली, "आईचा गुडघा कसाय?" "दुखतो." "जिना चढताना कठडा धरायला सांग. मी सांगितलं म्हणून नको सांगूस." "तू परत कधी येतेस? याच रस्त्याने?" "साडेपाचला, समोरच्या थांब्यावर. का?" मागचे लोक कुरकुरले. "उतर बाई," ताई म्हणाली, "माझी नोकरी घालवशील."

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, रंगवलेल्या भिंतींचा थंड वास, चहाच्या थर्मासवर कुणीतरी घातलेली लोकरीची टोपी. आई दुकानातल्या यादीचं काम उरकून परस्पर आलेली, तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर. तिच्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या: तयार ना? टकल्या काकांचं झालं, मग बाई म्हणाल्या, "हं, आमचा भोंगा." सगळे हसले. ती उभी राहिली. वही उघडली. सातवं पान तिच्याकडे बघत होतं, इतकं स्वच्छ, इतकं सुवाच्य. तसंच वाचलं तर? टाळ्या पडतील. आई डोळे टिपेल, उजव्या बाजूच्या मुलीसाठी. साडेपाचची बस साडेपाचला निघून जाईल. ती एवढंच म्हणाली, "बाई, मी दुसरा उतारा केला नव्हता. आत्ता बसमध्ये केला. तोच सांगते." आणि आवाज निघाला तो ओठांतला. "मागच्या रांगेपर्यंत," बाई म्हणाल्या. मोठ्याने वाच ना बाळा, ऐकू येत नाही. तिने श्वास घेतला आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला ऐकू जाईल असं बोलायला लागली. की आपण माणसं रेघेच्या दोन बाजूंना टाकतो, पण पुस्तकाने माणसं टाकलेलीच नाहीत, त्या त्या दिवसाचं वागणं टाकलंय. दिवस बदलला की बाजू बदलली. की दोघींचं रडणं शब्दाला शब्द एक आहे. "आणि घरातलं उदाहरण," ती म्हणाली. आता आईकडे बघायलाच हवं होतं. तिने बघितलं. "आमच्या बाबांचा चष्मा ताईच्या खाली नव्हता आला. माझ्या खाली आला. मी बसले होते ना, त्यावरच बसले होते. ताई फक्त तो नीट करायला धावली. तिने माझं नाव सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. दोन वर्षं मी गुणी आहे." तिचा आवाज इथे फाटला, पण फाटका आवाजही मागच्या रांगेपर्यंत गेला. "ती आत्ता साडेपाचला समोरच्या थांब्यावरून जाईल. बस चालवत. आई, ती बस फार छान चालवते."

आईने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग खुर्ची खरखरली, आणि आई, दुखऱ्या गुडघ्याची, दोन रांगांमधून वाट काढत, कुणाच्या तरी पायावर पाय देत, बाहेर निघून गेली. दार मागे हलत राहिलं. गेलं सगळं, तिला वाटलं, दोघीही गेल्या. ती खाली बसायला लागली, सवयीने. "बसू नकोस," भूमितीबाई म्हणाल्या. एरवी कुणी उभं राहिलं की खाली बसा म्हणणाऱ्या बाई! "अगं बसतेस काय? जा!"

ती धावली. आई रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर उभी होती, पर्स छातीशी धरून, एक बस आली तर पुढे व्हायची, चालकाकडे निरखून बघायची, आणि मागे व्हायची. "ही नाही," ती स्वतःशीच म्हणत होती. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली तरी तिने मान वळवली नाही. मग म्हणाली, "तो स्क्रू माझ्या हातातून दोनदा पडला." "कुठला?" "बाबांच्या चष्म्याचा. ताई म्हणत होती, आई, लवकर कर. मी म्हटलं, घाई कसली आहे, नीट बसू दे की. दोनदा पडला, दोनदा शोधला. मी तिला तिथं धरून ठेवलं." आईचा हात शोधत आला आणि तिच्या मनगटावर घट्ट बसला. "तुला मी बघते नंतर," ती म्हणाली, "सोडणार नाहीये." पण हात काढला नाही. मुलीला रडू येत होतं आणि, काय सांगावं, त्याच वेळी हलकंही वाटत होतं, दप्तरातून विटा काढल्यासारखं. तू इथं असतीस तर. मी तिथं नसते तर. तिघींच्या तोंडी एकच वाक्य, आणि तिघींनी ते तीन वेगवेगळ्या घरांत असल्यासारखं एकेकटीने म्हटलेलं.

पाच पस्तीसला ती बस आली. दार फुस्स झालं. आई कठडा धरून पायरी चढली, आणि वरच्या पायरीवर उभीच राहिली. ताईचे हात चाकावरून घसरून मांडीवर आले. मग आई म्हणाली, "काच किती घाण झालीये ही! अशा काचेतून रस्ता दिसतो तुला?" आणि सरळ हात घालून तिने ताईचा चष्मा काढला. चष्म्याविना ताई एकदम लहान, पहाटे उठवलेल्या मुलीसारखी दिसत होती. आईने पर्समधून दुकानातला पिवळा फडका काढला, दोन्ही काचा पुसल्या, ओरखड्यावरून अंगठा दोनदा फिरवला, आणि गिऱ्हाइकाला घालते तसा, दोन बोटांनी कानांमागे नीट बसवत, तो परत घातला. "हं. आधीचं बरं, की आताचं?"

"अहो बाई, चढा नाहीतर उतरा!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताईने आईकडे बघितलं, आईच्या खांद्यावरून गोगलगायीकडे बघितलं. गोगलगायीने या वेळी नजर खाली केली नाही. "दोन्ही सारखंच दिसतंय, आई," ती म्हणाली.

"झालं तर मग!" आई म्हणाली, आणि पाटीसमोरच्या पहिल्या बाकावर बसायला गेली. बसण्याआधी मात्र तिने बाकावरून तळहात फिरवला, खाली कुणाचा चष्मा नाही ना बघितलं, आणि धाकटीकडे असा काही कटाक्ष टाकला की ती बसभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसली.